एका जर्सीतले दोघे

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. त्यातलं विशेष खाली आहे आणि विनंती एवढीच, की पत्र आधी तू वाच. काकांच्या हाती लागलं तर ते मोठ्यानं वाचतात आणि मधेमधे स्वतःची वाक्यं घालतात.

विशेष असं, की संपादकबाईंनी माझं पुस्तक घेतलं. तीन वर्षं मी त्यांच्याकडे दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढते आहे. माझ्या पुस्तकातल्या आता कोण काढणार, हा विचार मनात पहिला आला. आनंद त्याच्या मागून आला, तोही दबकत. पुस्तक मुलांसाठी आहे आणि नाव आहे ‘आपल्या आडनावाची नऊ माणसं’. म्हणजे तुझीच शाळा. बाबांच्या बदल्यांपायी दहा वर्षांची होईपर्यंत मी तुझ्यापाशी शिकले आणि तुझ्या शाळेत प्रत्येक विषयाला आपल्या आडनावाचा एक नामांकित माणूस होता. गणिताला पूल बांधणारा इंजिनिअर, भूगोलाला शिखर चढणारी बाई, कवितेला गायिका, आणि धीर धरायचा कसा हे शिकवायला गोलरक्षक. यांतलं कुणीही आपल्या नात्यातलं नाही, हे मला खऱ्या शाळेत गेल्यावर कळलं. तोवर मी सगळ्यांना मनातल्या मनात काका-मावशी म्हणत होते.

बाईंना प्रत्येकाची सहसा कुणाला ठाऊक नसलेली एक गोष्ट हवी आहे. तुझ्या गोष्टी माझ्याजवळ आहेतच, पण छापायच्या आधी एकेक पडताळून पाहते आहे. इंजिनिअरला उंचीची भीती वाटायची हे खरं निघालं. त्यांच्या पुतणीनं सांगितलं की ते स्वतःच्या पुलावरून जाताना मुकादमाची बाही धरत. गायिकेच्या कोंबड्या नव्हत्या, बदकं होती. आणि ती त्यांना गाणं ऐकवायची नाही, तर बदकं मधे ओरडायची म्हणून रियाझ थांबवायची. शिखर चढणाऱ्या बाईंना सायकल येत नाही, हे वाक्य त्यांनी स्वतः फोनवर काढायला लावलं. गेल्या महिन्यात शिकल्या म्हणे, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी.

राहिला गोलरक्षक. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्यांचाच फोटो येणार आहे. अंतिम सामन्यात बोट मोडलेलं असताना, शेवटच्या मिनिटांत, त्याच हातानं त्यांनी पेनल्टी अडवली आणि लोक त्यांना ‘भिंत’ म्हणायला लागले. ही गोष्ट मला पाठ आहे. पण गोष्ट सांगण्याआधी ती कुणी सांगितली ते सांगायचं, हा नियम तुझाच. तर आत्या, तुला ही कुणी सांगितली?

इथे सगळं ठीक. खोली लहान आहे पण खिडकी मोठी आहे. गॅस बंद केला का ते मी हल्ली दोनदाच बघते.

माया आहे तेवढी राहू दे, वाढली तर मी तक्रार करणार नाही.

तुझी,
शंकू


११ फेब्रुवारी

चि. शंकूस,

अ. उ. आ. पुस्तक झालं म्हणून आणखी दोन जास्तीचे.

पत्र काकांनीच आधी उघडलं. बदकांपाशी आल्यावर त्यांनी स्वतःच्या पदरची एक बदक-कथा जोडली, ती मी तुला कळवत नाही. त्यांचा गुडघा बरा आहे, म्हणजे तक्रार करण्याइतका बरा आहे.

तुझं नाव शंकू पडलं ते दर वाक्यामागे तुला शंका यायची म्हणून. मी मात्र मनाशी म्हणत होते की वयाबरोबर कमी होईल. इंजिनिअरची भीती, गायिकेची बदकं, ठीक आहे, पडताळ. पण गोलरक्षकाची गोष्ट कुणी सांगितली असं विचारतेस? तुझ्या आजोबांनी. आणि त्यांना कुणी सांगितली? त्यांच्या डोळ्यांनी. ते मैदानावर होते, गोलच्या मागच्या बाजूला. पावसानं चिखल झाला होता, गोलरक्षकाची पिवळी जर्सी तपकिरी दिसत होती, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली होती. कर्ण्यावरून आपलं आडनाव पुकारलं तेव्हा आजोबा उभे राहिले, जणू यांनाच बोलावलं. घरी येऊन त्यांनी मला ती पेनल्टी उंबऱ्यात उभं राहून करून दाखवली. मी तेव्हा दहाची होते. मग तू सहा वर्षांची असताना तापातून उठलीस आणि पाय टाकायला घाबरत होतीस, तेव्हा मी तीच गोष्ट तुला सांगितली. तू आपलं एक बोट मुठीत धरून उभी राहिलीस. विसरलीस?

दात कोरून पोट भरत नाही, म्हणतात. तुझं भरत असावं. त्या म्हाताऱ्या माणसाकडे जायचं तर जा, पण नमस्कार कर, सही घे आणि परत ये. खोदत बसू नकोस.

तब्येत सांभाळ, आणि आमच्यावरचा राग असला तर पत्रातून कळव, मनात ठेवू नकोस.

तुझी,
आत्या


२० फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. मी नमस्कार केला. सही घेतली नाही. आता शांतपणे वाच.

ते तिसऱ्या मजल्यावर राहतात. दार त्यांनीच उघडलं. शहात्तर वर्षांचे आहेत, पण दाराच्या चौकटीत उभे राहिले की मागचं काही दिसत नाही. बाहेरच्या खोलीत एक भिंतभर चषक आणि मानपत्रं. त्यांच्या पत्नीनं चहा आणला आणि बसता बसता मला बजावलं, की आणखी काही द्यायला आली असशील तर ठेवायला जागा नाही.

मी त्यांना विचारलं, की मोडलं ते बोट कोणतं. त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर पसरले आणि म्हणाले, तूच निवड पोरी. आत्या, दहाच्या दहा बोटं सरळ आहेत. पन्नास वर्षं लोक तो हात हातात घेऊन मोडलेल्या बोटाचं कौतुक करत आले आणि बोटांकडे कुणी बघितलं नाही. मीही चहाचा कप घेताना त्याच हाताकडे बघत होते आणि मला काही दिसलं नव्हतं.

ती पेनल्टी त्यांनी अडवली नाही. संघात आपल्या आडनावाचे दोघे होते, दोघेही गोलरक्षक, एकमेकांचे कुणी नाहीत. घोळ नको म्हणून संघातले त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत. धाकटा राखीव. पूर्वार्धात थोरल्याच्या डोक्याला मार लागला आणि मध्यंतरात त्यांना ओकाऱ्या व्हायला लागल्या. संघाकडे गोलरक्षकाची जर्सी एकच होती. ती यांच्या अंगातून ओली, चिखलानं भरलेली तशीच काढली आणि धाकट्याला घातली. टोपीही तीच. कर्ण्यावरून नवीन गोलरक्षक रीतसर पुकारला गेला, पण नुसत्या आडनावानं. लोकांना वाटलं, थोरल्याला बरं वाटलं, तो परत उतरला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे बोट मोडलं ते धाकट्याचं, आणि पेनल्टी अडवली तीही त्यानंच.

थोरले तेव्हा दवाखान्यात होते. चार दिवसांनी बाहेर आले तर वर्तमानपत्रांत त्यांचाच जुना फोटो छापून झालेला. ते तडक कचेरीत गेले आणि खरं काय ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी बातमी आली, मथळा होता: ‘भिंतीचा विनय’. तेव्हापासून प्रत्येक सत्कारात ते सांगतात की मी ती अडवली नाही, आणि प्रत्येक वेळी टाळ्या जास्त पडतात. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, हे नाही म्हणाले की एक चषक वाढतो, आणि पुसायचे मला असतात.

मी विचारलं, धाकट्यानं स्वतः का सांगितलं नाही. ते म्हणाले की तो हसायचा. सामना जिंकलो ना, मग झालं, म्हणायचा. बोट वाकडंच जुळलं, खेळ सुटला, तो नळदुरुस्तीच्या कामाला लागला. सहा वर्षांपूर्वी गेला. एक मुलगी आहे, चष्म्याच्या दुकानात काचा घासते. थोरले तिला कधी भेटलेले नाहीत. कोणत्या तोंडानं जाऊ, म्हणाले.

जिना उतरताना मला वाटत होतं की हे मी ऐकलंच नसतं तर बरं. रस्त्यावर आल्यावर तसं वाटेनासं झालं. आत्या, मी हे लिहिणार आहे. पण आजोबांचं काय करू, ते तू सांग.

रागावलीस तरी उत्तर दे, रागाचं पत्रही मी जपून ठेवते.

तुझी,
शंकू


२७ फेब्रुवारी

चि. शंकूस,

अ. उ. आ. पहिले तीन दिवस आशीर्वाद लिहायचं मनात नव्हतं, हे खरं तेच सांगते.

आजोबांना खोटं पाडून तुला काय मिळणार? त्या माणसानं आयुष्यात एक गोष्ट रंगवून सांगितली नाही. किराणा आणायला गेले तरी वाटेत कोण भेटलं ते क्रमानं सांगायचे. नातीनं पुस्तक लिहायचं आणि त्यात आजोबा चुकले असं छापायचं, हे मला पटत नाही. झाकली मूठ राहू दे. तुझे काका म्हणतात, गोलरक्षकाऐवजी बदकांची दोन पानं वाढव.

दुसऱ्या दिवशी, त्याच कागदावर:

पत्र टाकायला निघाले होते, फाटकातून परत आले. काल सबंध संध्याकाळ मी ती पेनल्टी आठवत बसले, आजोबांनी उंबऱ्यात करून दाखवली तशी. ते उजवीकडे झेपावले, मग उठले आणि खाली बसून दोन्ही मोजे वर ओढले. मी हसले म्हणून त्यांनी पुन्हा ओढून दाखवले. म्हणाले होते की मैदानावर शेजारी उभा असलेला बुवा चकित झाला, कारण या गोलरक्षकाचे मोजे कायम घोट्यावर लोळत असतात, त्यानं ते कधी वर ओढलेले नाहीत. एवढा मार खाऊन याला मोजे कसे सुचले, असं आजोबा म्हणाले होते.

म्हणजे बघ, त्यांनी पाहिलं ते धाकट्यालाच, आणि नीट पाहिलं. कर्ण्यावर ऐकलं तेही बरोबर. पाहिलेलं खरं, ऐकलेलं खरं, आणि दोन्हींच्या मधे जी जागा उरली तिथे चूक जाऊन बसली. तुझ्या त्या थोरल्यांना विचार, मोजे कोण ओढायचं. उत्तर मला माहीत आहे, तरी विचार. नियम म्हणजे नियम.

मग लिही. अर्धवट लिहिलंस तर मात्र मी तुला शिकवलं हे कुणाला सांगू नकोस.

आमचं सगळं बरं आहे, तुझ्यावर जीव आहे तो आहेच.

तुझी,
आत्या


१३ मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. मोजे धाकटाच ओढायचा. थोरले फोनवर एवढे हसले की त्यांच्या पत्नीनं फोन काढून घेतला. हसण्यासारखं तेवढंच. बाकी ऐक.

मी चष्म्याच्या दुकानात गेले. धाकट्याची मुलगी पंचेचाळिशीची असेल. मागच्या बाजूला यंत्रापाशी बसते, काच उजेडात धरते, घासते, परत धरते. मी कोण, कशासाठी आले ते सांगितलं. ती म्हणाली, जेवायच्या सुट्टीत बोलू. तोवर मी गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून होते आणि भिंतीवरची लहान होत जाणारी अक्षरं वाचत होते.

ती चौथीत असताना तिनं वर्गात सांगितलं होतं की ती पेनल्टी माझ्या बाबांनी अडवली. बाईंनी तिला उभं केलं. एवढ्या मोठ्या खेळाडूचं श्रेय चोरायचं नसतं, असं म्हणून सगळ्या वर्गाची माफी मागायला लावली. घरी येऊन तिनं बाबांना सांगितलं. तिला वाटलं, ते उद्या शाळेत येऊन भांडतील. ते म्हणाले, सॉरी म्हणून टाकलंस ना, मग सोडून दे. बोटाचं कुणी विचारलं तर त्या दिवसापासून ते पाइपखाली सापडलं म्हणून सांगायला लागले. त्यांनी मुलीचा त्रास वाचवायला तसं केलं असेल. पण ती मला म्हणाली, की मला वाटलं बाबा खोटं बोलत होते आणि पकडले गेले म्हणून गप्प बसले. पुढे त्यांनी ही गोष्ट घरात काढली नाही, तिनं विचारली नाही, आणि ते गेले.

मग तिनं मला विचारलं, की थोरल्यांनी हे तुम्हाला स्वतःच्या तोंडानं सांगितलं का. मी हो म्हटलं. तिनं परत विचारलं. मी परत हो म्हटलं. ती उठून हात धुऊन आली आणि म्हणाली, समोर गिऱ्हाईक आहे, मला आता रडता यायचं नाही. पुस्तकात छापायला तिची तयारी नाही. म्हणते, लोक म्हणतील हिनं लिहवून घेतलं. थोरल्यांना म्हणावं, एकदा चार लोकांसमोर, माझ्या देखत सांगा. मग काय ते लिहा.

तिथून मी संपादकबाईंकडे गेले. त्या वाईट नाहीत. त्यांचं म्हणणं, मुलांना भिंत हवी असते, भानगड नको. भिंतीचा फोटो, भिंतीची गोष्ट, दोन पानांत आटप. मी म्हटलं, की मग मी शेवटच्या प्रतीवर सही करणार नाही. त्या पुढची पानं उलटत राहिल्या. मी जिन्यात जाऊन पाणी प्यायले, आणि मग लक्षात आलं की मी इतक्या हळू बोलले होते की त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. परत गेले आणि पुन्हा सांगितलं. हे प्रकरण खरं जाईल, नाहीतर पुस्तक जाणार नाही. या वेळी बाहेर कागद कापणाऱ्यांनीसुद्धा यंत्र थांबवलं.

बाईंनी आठ दिवस दिलेत. आत्या, मला शंका कसलीच नाही. मलाच नवल वाटतं आहे. थोरल्यांना सगळं लिहून कळवलं आहे, मुलीची अटही.

पुस्तक नाही निघालं तरी मला तुझ्या शाळेतून काढू नकोस.

तुझी,
शंकू


१७ मार्च

चि. शंकूस,

आशीर्वाद. ओळख नवी असली तरी वयाच्या जोरावर देतो.

तुमच्या संपादकबाईंना मी आज पत्र टाकलं आहे. दोनच ओळी. माझा फोटो हवा असेल तर ज्या प्रकरणात मी डोकं धरून बाकावर बसलो आहे, त्या प्रकरणासाठी देईन. पेनल्टीच्या प्रकरणासाठी धाकट्याचा फोटो मागा. बायको म्हणते, पहिल्यांदाच कमी शब्दांत बोललात.

मुलीची अट वाचली. तिचं बरोबर आहे. पन्नास वर्षं मी व्यासपीठांवरून सांगत राहिलो, तिच्या दारात जाऊन कधी सांगितलं नाही. दुकानाचा पत्ता आणि गर्दीची वेळ कळव. मला तसाही चष्मा हवाच आहे.

घरी येत जा. चषक पुसायला मदत होईल.

तुझा,
थोरला


२९ मार्च

सौजन्यपूर्वक नमस्कार, वि. वि.

मी धाकट्यांची मुलगी, चष्म्याच्या दुकानातली. तुमची पत्रं येतात, मी उत्तर देत नाही, त्याबद्दल राग नसावा. लिहिण्याची सवय नाही. पण झालं ते मीच कळवावं असं वाटलं.

शनिवारी दुकान भरलेलं होतं. ते आले, काठी नव्हती, पण दाराला धरून आत आले. मालकांनी ओळखलं आणि खुर्ची दिली. लोक उठून उभे राहिले, एकानं मोबाईल काढला. ते बसले नाहीत. त्यांनी मालकांना विचारलं की इथे काचा घासते ती कोण, आणि मला मागून बोलावून घेतलं. मग मला म्हणाले, की पोरी, ती पेनल्टी तुझ्या बापानं अडवली, माझ्या अंगातली ओली जर्सी घालून. मी तेव्हा दवाखान्यात होतो. हे मी तुझ्या शाळेत येऊन सांगायला हवं होतं, तेव्हा मला तू आहेस हेच ठाऊक नव्हतं.

तुम्ही सांगितलं होतं तसंच झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई म्हणाल्या, किती मोठं मन. मोबाईलवाला म्हणाला, माणूस असावा तर असा नम्र. ते माझ्याकडे बघून हताश हसले. मला कळलं की हे एवढी वर्षं असंच चाललं आहे, आणि यांनी हजार वेळा सांगून उपयोग नाही.

म्हणून मी बोलले. मी म्हटलं, टाळ्या थांबवा. हे नम्र नाहीत, खरं बोलताहेत. ती पेनल्टी माझ्या बाबांनी अडवली. चौथीतलं वाक्य, त्यात एक शब्दही बदलला नाही. मग मोबाईलवाल्यानं विचारलं, की त्यांचं नाव काय. मी आडनाव सांगितलं. तो म्हणाला, ते तर यांचं आहे.

तुमच्या संपादकबाईंचा फोन आला, प्रकरण तुम्ही लिहिलं तसंच जातं आहे. फोटो पाठवते आहे. बाबांचा खेळतानाचा फोटो नाही, पाण्याची टाकी बसवतानाचा आहे, बोट दिसतं. थोरल्यांचा चष्मा मंगळवारी तयार होईल, पैसे घेतले नाहीत म्हणून ते भांडले.

माझं एकच सांगणं आहे, ते छापायच्या आधी नक्की बघावं. पुस्तकात जिथे जिथे बाबा येतील तिथे त्यांचं पूर्ण नाव घाला, स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. लांब वाटलं तरी दरवेळी घाला. नुसतं आडनाव कुठेही नको. वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून जोडलं आहे.

येणं-जाणं ठेवावं, ओळख या कामापुरती ठेवू नये.

आपली,
धाकट्यांची मुलगी